कपाटाची किल्ली कुणाकडे? शाळेतल्या प्रयोगाच्या साहित्याची गोष्ट

आजचा भाग शाळेतल्या विज्ञानाच्या साहित्यावर आहे. ऐकायला कोरडं वाटेल, पण थांबा जरा.

प्रयोगशाळेतलं ते कपाट आठवा. काचेची दारं, आत बीकर, परीक्षानळ्या, एखादा सूक्ष्मदर्शक, आणि बाहेर कुलूप. आपल्या संभाजीनगरात शिकलेल्या माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, बहुतेकांनी सूक्ष्मदर्शक काचेतूनच पाहिलेला असतो. आपण याचा दोष शिक्षकांना देऊन मोकळे होतो. पण त्या कपाटामागे एक वही असते, डेड स्टॉक रजिस्टर. प्रत्येक वस्तूची त्यात नोंद. वस्तू फुटली की लेखी खुलासा द्या, कधी खिशातून भरा. मग कोण कशाला किल्ली काढेल? मुलांच्या हातात काय द्यायचं हे अभ्यासक्रमात कितीही लिहा, शेवटी ते वस्तूची किंमत ठरवते. मोडली तरी चालेल अशी वस्तू असेल, तरच ती पोरांच्या हातात जाते. पुढचा सगळा इतिहास मी याच नजरेनं सांगणार आहे.

सुरुवात युरोपातून करू. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या शाळा बेचिराख झाल्या, प्रयोगशाळाही गेल्या. तेव्हा युनेस्कोनं जे. पी. स्टीफन्सन या इंग्लिश शिक्षकाकडून एक पुस्तिका करून घेतली. १९४८ सालची गोष्ट. उद्ध्वस्त देशांतल्या विज्ञान शिक्षकांनी हाताशी असेल त्यातून उपकरणं कशी बनवावीत, हा तिचा विषय. ती इतकी उपयोगी ठरली की ज्या देशांत युद्ध झालंच नव्हतं, पण प्रयोगशाळाही कधी नव्हत्या, तिथूनही मागणी आली. १९५६ मध्ये तिचंच वाढवून एक जाडजूड पुस्तक झालं, आणि जगभरातल्या शिक्षकांनी ते वापरलं.

त्याच वर्षी अमेरिकेत जेरॉल्ड झकारायस या भौतिकशास्त्रज्ञानं शाळेचं भौतिकशास्त्र नव्यानं लिहायला घेतलं. पुढच्या वर्षी रशियाचा स्पुटनिक उडाला आणि या कामाला पैशाची कमी राहिली नाही. तरी गंमत बघा, त्यांच्या प्रयोगांत सरबताच्या स्ट्रॉचा तराजू होता! श्रीमंत देशालाही स्ट्रॉ का लागला? कारण तो प्रत्येक मुलाला स्वतः बनवता येतो.

आता आपल्याकडे येऊ. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात, किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १६ सरकारी शाळांत एक कार्यक्रम सुरू केला. नाव होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले लोक सुट्ट्या टाकून तिथे जायचे. चार-चार मुलांच्या टोळ्या, प्रत्येक टोळीला साहित्य, आणि पाठ्यपुस्तकात उत्तरं नाहीत! प्रयोग करा, निरीक्षण लिहा, भांडा, मग निष्कर्ष. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा, शिवाय प्रात्यक्षिक. प्रश्न पडला तर ‘सवालीराम’ला पत्र लिहायचं. सवालीराम नावाचा माणूस नव्हताच, पण पोरांना उत्तरं मात्र खरी यायची.

१९७८ मध्ये पुण्याच्या टेल्कोतला एक तरुण इंजिनिअर वर्षभराची रजा काढून तिथे पोचला. अरविंद गुप्ता, आयआयटी कानपूरचे. तिथल्या आठवडी बाजारात त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची नळी दिसली, ती बारीक काळी रबरी नळी, पंक्चरवाल्याकडे असते ती. तिचे छोटे तुकडे कापले आणि दोन टोकांत काड्यापेटीच्या काड्या खोचल्या. झाला सांधा, तोही लवचिक.

हे करून बघितलं नसेल तर नक्की करा. तीन काड्यांचा त्रिकोण दाबा, आकार बदलत नाही. चार काड्यांचा चौकोन दाबा, लगेच कलंडून समभुज चौकोन होतो. त्यात कर्णाच्या लांबीची एक काडी घाला, ताठ उभा राहतो. आता बाहेर जाऊन विजेच्या तारांचा कुठलाही मोठा मनोरा बघा. सगळे त्रिकोणच! सहा काड्यांचा चतुष्फलक होतो, आणि दहावीत ज्या मिथेनच्या रेणूशी आपण झगडतो त्याचा आकार तिथे हातात येतो. सगळा खर्च चहापेक्षा कमी. मोडलं तर मोडलं, कुठल्याच रजिस्टरला याची खबर नाही.

इथे एक आडवाट घेते. साहित्य स्वस्त झालं म्हणजे सगळं झालं, असं नाही. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मुंबईत १९७४ साली सुरू झालं, वि. गो. कुलकर्णी त्याचे पहिले संचालक. या केंद्रानं जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरात मराठी शाळांबरोबर काम केलं. अशा कामातून कुलकर्णींनी एक मुद्दा लावून धरला: मुलं अडतात ती पुष्कळदा विज्ञानात नाही, पुस्तकाच्या भाषेत. मराठवाड्यातल्या कुठल्याही वर्गात जा आणि ‘विष्यंदिता’ म्हणा, चेहरे बघा. तेच तेल आणि पाणी उतरत्या ताटलीवर शेजारी-शेजारी सोडा, मग शब्द सांगा. क्रम महत्त्वाचा आहे.

होशंगाबादचा कार्यक्रम तीस वर्षं चालला आणि २००२ मध्ये राज्य सरकारनं तो बंद केला. या मुलांनीही बाकी राज्यासारखीच पुस्तकं वापरावीत, असं ठरलं. मला ही गोष्ट अजून टोचते. तीस वर्षांत तयार झालेले शिक्षक पुन्हा खडू-फळ्याकडे गेले. गुप्ता मात्र २००३ पासून पुण्यात आयुकाच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत पोचले, आणि तिथून त्यांनी कचऱ्यातून खेळण्यांचे शेकडो छोटे व्हिडिओ केले, मराठीतसुद्धा. सगळे फुकट. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आज काय? आपल्या फोनवर प्रयोगांचे व्हिडिओ भरपूर आहेत, आणि आपण ते अंगठ्यानं वर सरकवतो. दुसरीकडे अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. चांगलंच आहे. पण थ्रीडी प्रिंटर आला की मला आधी कुलपाची काळजी वाटते. दहावीला विज्ञानात १०० पैकी २० गुण प्रात्यक्षिकाचे असतात, आणि ते जर्नल कसं पूर्ण होतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

तर कुलूप नसलेलं एक मोठं उपकरण आपल्याच गावात आहे. पाणचक्की. महमूद दरवाज्याजवळ, खाम नदीच्या काठावर, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात. आपण तिकीट काढतो, हौदासमोर सेल्फी घेतो आणि निघतो. ही १८व्या शतकातली चक्की दर्ग्यात येणाऱ्यांसाठी धान्य दळायची. पाणी काही किलोमीटरवरून, हर्सूलच्या बाजूनं, बंद नळांतून येतं. ना पंप, ना वीज. बंद नळ भरलेला असला की पाणी मधे खाली उतरून पुन्हा वर चढतं, फक्त सुरुवातीच्या पातळीच्या वर जात नाही. शेवटी ते उंचावरून पात्यांवर पडतं आणि जातं फिरतं. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी वसवली आणि पुढे नहर आणली, तेव्हापासून कित्येक वर्षं हे शहर याच तत्त्वावर पाणी पीत होतं.

आणि नळाला कित्येक दिवसांनी पाणी येणाऱ्या आपल्या घरांत पिंप आणि पाइप तर असतोच. मग हा प्रयोग करा. पिंप उंचावर ठेवा, कूलरचा पारदर्शक पाइप पाण्यानं पूर्ण भरून एक टोक पिंपात बुडवा, दुसरं खाली सोडा. पिंपातल्या पाण्याच्या पातळीपासून खालचं टोक २० सेंटिमीटर खाली धरून एक लिटरची बाटली भरायला किती सेकंद लागतात ते फोनवर मोजा. मग तेच टोक ८० सेंटिमीटर खाली धरा. पाइप तोच, लांबीही तीच. उंचीचा फरक चौपट झाला, तर वेळ निम्मा लागतो की पाव? जाड, आखूड पाइपला उत्तर निम्म्याच्या जवळ येईल, आणि लांब, बारीक पाइपला पावाकडे सरकेल. दोन्ही पाइप घेऊन बघा, आणि आकडे आम्हाला व्हॉइस नोटनं पाठवा. पाइप निसटून घरात पाणी झालं तर पुसून घ्या.