जोडीदाराची मारहाण आणि अमली पदार्थांची अतिमात्रा : चेन्नईच्या नोंदींत न दिसणाऱ्या महिला

चेन्नई : सुईद्वारे अमली पदार्थ घेणाऱ्या १,१५८ जणांची चेन्नईत २००५-०६ मध्ये नोंदणी करण्यात आली आणि पुढील काही वर्षे त्यांच्या प्रकृतीचा पाठपुरावा झाला. अभ्यासाचा मूळ विषय एचआयव्ही हा होता. मात्र नोंदणी झालेल्यांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण एड्स नव्हे, तर अमली पदार्थांची अतिमात्रा, म्हणजेच ओव्हरडोस, असल्याचे त्यातून समोर आले. या १,१५८ जणांत जवळजवळ सर्वच पुरुष होते. महिला अशा अभ्यासांत आल्या त्या प्रामुख्याने 'पत्नी' म्हणून. स्वतः अमली पदार्थ घेणारी आणि त्याच वेळी जोडीदाराची मारहाण सोसणारी महिला मात्र दोन्ही नोंदींच्या मधल्या फटीत राहिली.

हा अभ्यास ज्या संस्थेच्या सहभागाने झाला ती 'वायआरजी केअर' डॉ. सुनीती सोलोमन यांनी १९९३ मध्ये स्थापन केली होती. चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी गायतोंडे कुटुंबात त्यांचा जन्म झाला आणि संस्थेला त्यांनी वडिलांचे नाव दिले. मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये कार्यरत असताना, १९८६ मध्ये, त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी देशातील एचआयव्हीचे पहिले रुग्ण शोधले होते. त्या रुग्ण देहविक्रय करणाऱ्या महिला होत्या. पुढे विवाहित आणि एकनिष्ठ महिलांनाही पतीकडून संसर्ग होत असल्याचे चेन्नई आणि पुणे या दोन्ही शहरांतील संशोधनांनी दाखवून दिले. सुईद्वारे अमली पदार्थ घेणारे पुरुष आणि त्यांच्या जोडीदार अशा चेन्नईतील २२६ जोडप्यांच्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पुरुषांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण ३० टक्के, तर त्यांच्या जोडीदारांमध्ये ५ टक्के आढळले होते. पतीच्या सुईचा परिणाम पत्नीच्या शरीरापर्यंत कसा पोहोचतो, हे यातून कळले. पत्नीच्या हातात सुई आली तर काय होते, हा प्रश्न मागेच राहिला.

देशपातळीवरील आकडे या प्रश्नाचा आवाका सांगतात. सामाजिक न्याय मंत्रालय आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफूजन्य किंवा तत्सम ओपिऑइड पदार्थ घेतात. पुरुषांमध्ये हे प्रमाण ४ टक्के, तर महिलांमध्ये ०.२ टक्के आहे. टक्केवारी किरकोळ दिसली, तरी १० ते ७५ वर्षे वयोगटातील लोकसंख्येला ती लावल्यास महिलांची संख्या दहा लाखांच्या आसपास जाते. घरोघरी जाऊन विचारलेल्या प्रश्नाला, सासू शेजारी बसलेली असताना, किती महिला खरे उत्तर देतील याचा विचार केल्यास प्रत्यक्ष संख्या याहून अधिक असणार, हे उघड आहे.

दुसऱ्या बाजूचा आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, मिळतो. तमिळनाडूत १८ ते ४९ वयोगटातील विवाहित किंवा विवाह झालेल्या ३८.१ टक्के महिलांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. देशाची सरासरी २९.३ टक्के आहे. पती वारंवार मद्यधुंद होत असलेल्या घरांत शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या महिलांचे प्रमाण देशभरात ७० टक्के, तर पती मद्य घेत नसलेल्या घरांत २३ टक्के आढळले. हिंसा झालेल्यांपैकी मदत मागणाऱ्या महिला जेमतेम १४ टक्के होत्या.

हिंसा आणि अतिमात्रा यांचा परस्परसंबंध केवळ 'दुःख विसरण्यासाठी नशा' इतका सरळ नाही. न्यूयॉर्कमध्ये मेथाडोन उपचार घेणाऱ्या ४१६ महिलांचा पाठपुरावा कोलंबिया विद्यापीठाच्या नबीला एल-बसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. काही अमली पदार्थांच्या वारंवार सेवनानंतर हिंसेची शक्यता वाढत होती आणि हिंसेनंतर हेरॉइनच्या वारंवार सेवनाची शक्यता वाढत होती. चक्र दोन्ही दिशांनी फिरत होते.

या चक्रात जीव जातो तो नेमका कसा, हे समजून घेण्यासाठी ओपिऑइडचा परिणाम पाहावा लागतो. हेरॉइन, मराठीत ज्याला गर्द म्हणतात ती ब्राउन शुगर, ब्युप्रेनॉर्फिनची इंजेक्शने किंवा टॅपेंटाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या मेंदूतील श्वसन नियंत्रित करणारे केंद्र मंदावतात. मात्रा सोसण्याच्या क्षमतेपलीकडे गेली की श्वास उथळ होतो, ओठ आणि नखे निळसर पडतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि काही वेळाने श्वास थांबतो. सोबत मद्य किंवा डायझेपामसारख्या झोपेच्या गोळ्या असतील, तर धोका अनेक पटींनी वाढतो. मारहाणीनंतर झोप लागावी म्हणून घेतलेल्या गोळ्या इथेच घातक ठरतात.

महिलांच्या बाबतीत जोडीदार या साखळीत अनेक ठिकाणी येतो. पुष्कळ महिलांना पहिली सुई जोडीदारच टोचतो आणि पुढेही टोचणे त्याच्याच हाती राहते. पदार्थ कुठून आला, त्याची तीव्रता किती, आधी कोणी सुई वापरली, यांपैकी कशावरही तिचे नियंत्रण नसते. तो चिडला तर मात्रा रोखली जाते. काही दिवस पदार्थ न मिळाल्याने सहनशक्ती घटते आणि समेटानंतर जुनीच मात्रा घेतली की ती अतिमात्रा ठरते. तुरुंगातून सुटल्यानंतर किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून परतल्यानंतरचे पहिले काही आठवडेही याच कारणाने सर्वाधिक धोक्याचे मानले जातात. मार चुकवण्यासाठी न्हाणीघराची कडी लावून एकटीने घाईत घेतलेली मात्रा आणखी वाईट, कारण तिथे श्वास थांबला तर पाहणारे कोणीच नसते. डोक्याला किंवा गळ्याला झालेली इजा शुद्ध हरपण्यामागे असूनही सारे नशेवर ढकलले जाते, अशीही शक्यता राहते. अपघात, आत्महत्येचा प्रयत्न आणि बळजबरीने दिलेली मात्रा यांतील सीमारेषा शवविच्छेदनाच्या टेबलावर नेहमी स्पष्ट होत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ मध्ये देशभरात अतिमात्रेने झालेल्या मृत्यूंची संख्या ६८१ नोंदवली गेली आहे. देशाच्या आकाराकडे पाहता हा आकडा मृत्यूंपेक्षा नोंदीच्या पद्धतीविषयीच अधिक सांगतो.

ओपिऑइडच्या अतिमात्रेवर उतारा आहे. नॅलॉक्सोन हे औषध वेळेत दिले तर काही मिनिटांत श्वास परत येऊ शकतो. त्याचा प्रभाव साधारण ३० ते ९० मिनिटे टिकतो, त्यामुळे रुग्णालयात नेणे टळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच अतिमात्रा पाहण्याची शक्यता असलेल्या सामान्य व्यक्तींना, म्हणजे कुटुंबीय आणि मित्रांनाही, हे औषध व त्याचे प्रशिक्षण द्यावे अशी शिफारस केली. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत नॅलॉक्सोन आहे, मात्र ते मुख्यतः रुग्णालयात वापरले जाणारे इंजेक्शन आहे. ते घरात मिळाले तरी एक पेच उरतो. सुई देणाराच मारणारा असेल, तर उतारा कोणाच्या हाती द्यायचा? महिलेच्या मैत्रिणी, शेजारी आणि सोबत काम करणाऱ्या महिलांना प्रशिक्षण देण्याचा आग्रह आरोग्य कार्यकर्ते धरतात तो यासाठीच.

मदतीला फोन करण्याची भीती हा वेगळा अडसर आहे. अमली पदार्थ कायदा, १९८५ च्या कलम २७ नुसार सेवन हाच गुन्हा असून, पदार्थानुसार सहा महिने ते एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्यांना कलम ६४-अ संरक्षण देते. अतिमात्रेच्या वेळी रुग्णवाहिका बोलावणाऱ्याला मात्र या कायद्यात वेगळे संरक्षण नाही. रस्ते अपघातातील जखमींना मदत करणाऱ्यांना मोटार वाहन कायद्याने २०१९ मध्ये दिलेले संरक्षण येथे लागू होत नाही. त्यामुळे साथीदार पळून जातात. आई असलेल्या महिलेला पोलिसांपेक्षाही मुले हिरावली जाण्याची धास्ती अधिक असते आणि तीच धमकी जोडीदाराच्या हातातील हत्यार बनते.

कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ मात्र पीडितेच्या व्यसनावरून भेद करत नाही. विवाहासारख्या संबंधात राहणाऱ्या महिलेलाही तो लागू आहे आणि कलम ६ नुसार मागणी केल्यास निवारागृहाने आश्रय देणे बंधनकारक आहे. व्यवहारात निवारागृहे नशा करणाऱ्या महिलेला घेण्यास कचरतात आणि व्यसनमुक्ती केंद्रे बहुधा पुरुषांसाठी उभारलेली असतात. तान्हे मूल कडेवर घेऊन आलेल्या महिलेसाठी तिथे खाटही नसते. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या जागतिक अहवालानुसार अमली पदार्थांशी निगडित विकार असलेल्या पुरुषांपैकी सातातील एकाला, तर महिलांपैकी अठरातील एकीलाच उपचार मिळतात.

चेन्नईत उपचारांची परंपरा जुनी आहे. पतीच्या मद्यासक्तीची झळ सोसलेल्या शांती रंगनाथन यांनी १९८० मध्ये टी. टी. रंगनाथन क्लिनिकल रिसर्च फाउंडेशन सुरू केले. रुग्णाबरोबर कुटुंबीयांवरही उपचार, हे तिचे वैशिष्ट्य. कौटुंबिक हिंसाचाराच्या क्षेत्रात याच शहरातील 'पीसीव्हीसी' ही संस्था काम करते. भाजलेल्या महिलांसाठीचे तिचे कार्य विशेष परिचित आहे. महाराष्ट्रात पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात 'निशिगंध' हा महिलांसाठी स्वतंत्र विभाग आहे. एकाच छताखाली हिंसेबद्दलही विचारणारे आणि अतिमात्रेबद्दलही बोलणारे केंद्र मात्र देशात विरळाच. व्यसनमुक्ती समुपदेशकाने 'घरी कोणी मारते का' आणि महिला सहाय्य केंद्रातील कार्यकर्तीने 'झोपेसाठी काही घेता का' असे विचारण्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.

अतिमात्रेची लक्षणे दिसल्यास १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी, व्यक्तीला एकटे सोडू नये, श्वास थांबला असल्यास तोंडाने श्वास द्यावा आणि श्वास सुरू असल्यास कुशीवर झोपवावे. मीठ-पाणी पाजणे, उलटी करवणे किंवा थंड पाण्याखाली धरणे टाळावे. महिला हेल्पलाइनचा क्रमांक १८१, तर राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक १४४४६ आहे.