पाठवणीचं गाणं

मावळात लग्नसराई सुरू झाली, की पाठवणीच्या वेळी बँडवाले एक चाल हमखास वाजवतात. ‘गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का’. मांडवातल्या बायांचे पदर लगेच डोळ्यांना लागतात.

शब्द पी. सावळाराम यांचे, चाल वसंत प्रभूंची, आवाज लताबाईंचा. सावळाराम म्हणजे सांगलीकडच्या येडेनिपाणीचे निवृत्ती रावजी पाटील. पुढे ते ठाण्याचे नगराध्यक्षही झाले. रेल्वे स्टेशनवर लेकीला निरोप देणारी एक आई त्यांनी पाहिली आणि गाणं सुचलं, असं सांगतात. गाण्यात आईच लेकीला समजावते, स्वतःचं रडू मात्र गिळते. म्हणून ऐकणारीला आवरत नाही. लताबाईंनी स्वतः लग्न केलं नाही, तरी त्या आवाजातली आई आपलीच वाटते.

पण हे दुःख रेकॉर्डवर येण्याआधी जात्यावर होतं. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी सोबतच्या कार्यकर्त्यांना घेऊन गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आपल्या मावळ-मुळशीतल्या ओव्याही त्यात आहेत. सासरी गेलेली लेक, वाटेकडे डोळे लावलेली आई, हे त्यात पुन्हा पुन्हा येतं. पहाटेच्या अंधारात, दळताना, बाई हे मोकळेपणी बोलायची. पिठाच्या गिरण्या आल्या, जातं कोपऱ्यात गेलं, तशी ती जागाही गेली. आम्हाला वाटतं, मांडवातल्या या गाण्याने थोडी तरी परत दिली.

आता लोणावळ्याची लेक तळेगावात दिली तर लोकलने तासाच्या आत माहेरी येते. रोज मोबाईलवर बोलते. तरी पाठवणीला आपण रडतोच. अंतर कमी झालं, पण ‘दिली ती परक्याची’ हे बोलणं कुठे गेलंय?

महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली कायदा बदलून वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीला मुलाइतका हक्क दिला. इकडे एक्स्प्रेस वे झाला, जमिनीला भाव आला आणि हक्कसोडपत्राचे कागद बहिणींच्या पुढ्यात येऊ लागले. गटाच्या बैठकीत विषय काढला, की बऱ्याचजणी मान खाली घालतात. वाट्याचं त्यांना कळत नाही असं नाही. सही केली नाही तर भाऊबीजेला माहेरचं दार उघडेल का, ही धास्ती असते.