छत्तीसची पाठ

‘छत्तीसचा आकडा’ हा वाक्प्रचार पत्रिकेतून आला, असं पुष्कळजण खात्रीने सांगतात. छत्तीस गुण जुळूनही संसार मोडतात, म्हणून म्हणे वैरालाच उपहासाने छत्तीस म्हणू लागले. हे मत मला मुळीच मान्य नाही.

गुणमेलनात वर्णाचा १ गुण, तिथून चढत जाऊन नाडीचे ८. आठ कूटांची बेरीज ३६. म्हणजे छत्तीस ही तिथे मेळाची परमावधी. निम्मे, १८ भरले तरी स्थळ चालतं. बरं, उपहास आहे असं क्षणभर मानू. तरी एक अडचण उरतेच, आणि ती काशीची आहे. अस्सी घाटाजवळ राहून १६२३ साली तिथेच देह ठेवलेल्या तुलसीदासांच्या नावावर एक दोहा चालत आला आहे. त्याचा आशय असा: जगाशी छत्तीस होऊन राहा, रामचरणांशी सहा-तीन. हे त्रेसष्ट पत्रिकेत कुठून आणणार? गुणांची मजल छत्तीसपुढे जातच नाही.

आता देवनागरीत ३६ लिहून पाहा. तीनचं तोंड डावीकडे, सहाचं उजवीकडे, पाठीला पाठ. ६३ लिहा, दोघे समोरासमोर. सारा अर्थ अक्षराच्या वळणात आहे. नागरी अंक गिरवलेल्या हातालाच तो सुचावा.

आणि त्या दोह्यात वैर कुठे आहे? जगाचा द्वेष कर, असं तो सांगत नाही. पाठ फिरव, इतकंच म्हणतो. आपली शालेय व्याकरणं मात्र छत्तीसचा आकडा, पाण्यात पाहणे, डूख धरणे, दात असणे या सगळ्यांपुढे ‘वैर असणे’ लिहून मोकळी होतात. याचं मला फार वाईट वाटतं. पाण्यात पाहणाऱ्याला शत्रूचं तोंड पाण्यातही दिसतं. छत्तीसवाल्याला ते दिसतच नाही. डूख सापाचा, वाट पाहणारा. दात असतो तो अजून चावलेला नसतो. कँटनी भाषेत जुन्या आकसाला ‘दातांचा ठसा’ म्हणतात. तिथे चावा होऊन गेलेला आहे.

काशीत ब्रह्माघाट, दुर्गाघाटाच्या गल्ल्यांत मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहिली. घरात मराठी, ओट्याखाली हिंदी. छत्तीस दोन्हीकडे तोच. एका भिंतीआडचे दोन भाऊ वर्षानुवर्षं बोलत नसले, तर त्यांच्यात छत्तीसचा आकडा आहे म्हणावं. त्यांनी एकमेकांवर डूख धरला, असं म्हणू नये. कोशात हा शब्दप्रयोग ‘वैर’खाली नव्हे, ‘अबोला’शेजारी हवा.