जुन्या लॅपटॉपचा बायोस पासवर्ड माहीत नसेल तर काय करायचं?

कॉलेजच्या ॲडमिशनचे दिवस आले की घराघरात जुन्या लॅपटॉपची चौकशी सुरू होते. कंपन्यांनी वापरून काढलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड कमी पैशांत मिळतात, मशीन दणकट असतं. अब्बा घेऊन येतात, चार दिवस बरा चालतो. मग कुणीतरी विंडोज नव्याने टाकायला बसतं, चालू करताना एफ२ दाबतं, आणि समोर कुलपाचं चित्र नि रिकामा चौकोन. दुकानदार फोनवर म्हणतो, "फॉरमॅट मारा, जाईल."

जात नाही. हा पासवर्ड विंडोजचा नाही, हार्ड डिस्कवरही नाही. मशीन चालू होताना सगळ्यात आधी जो प्रोग्राम जागा होतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. जुनं नाव बायोस. तो मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असतो. डिस्क बदलली तरी कुलूप जागच्या जागी राहतं.

आधी कुलूप कोणतं ते ओळखा. लॅपटॉप नीट चालतो पण सेटिंग बदलू देत नाही, तर तो सुपरवायझर किंवा ॲडमिन पासवर्ड. चालू करताच अडवतो, तर पॉवर-ऑन पासवर्ड. तिसरा हार्ड डिस्कचा. तो विसरला तर डिस्कमधला डेटा गेलाच समजा. निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली तर ते बिटलॉकर. ते प्रकरण वेगळं.

गल्लीतला ठरलेला उपाय म्हणजे बॅटरी काढा. डेस्कटॉपमध्ये नाण्याएवढा सेल थोडा वेळ काढून ठेवला की बऱ्याचदा पासवर्ड पुसला जातो, म्हणून ही समजूत पसरली. पण बहुतेक लॅपटॉपमध्ये पासवर्ड अशा चिपमध्ये ठेवतात की वीज नसली तरी टिकतो. सेल काढून फार तर घड्याळ मागे जातं, आणि उघडताना एखादी पट्टी तुटली तर नवाच खर्च. काही कारागीर चिपच नव्याने लिहून देतात. जमलं तर ठीक, पण बोर्ड मेला तर भरपाई कुणी देत नाही, आणि बिटलॉकर चालू असेल तर तेही जागं होतं. आम्ही तरी हा रस्ता सुचवणार नाही.

खरा रस्ता विकणाऱ्याकडूनच जातो. त्याला फोन करा, त्याने ज्याच्याकडून घेतला त्याला विचारायला लावा. आयटी विभागाने टाकलेला पासवर्ड त्यांच्याकडे बहुधा लिहिलेला असतो. नाहीच मिळाला तर बिल घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. डेलवाले मालकी तपासून सर्व्हिस टॅगवरून मदत करतात. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड हरवला तर लेनोवोचं उत्तर सरळ आहे: मदरबोर्ड बदला, पैसे तुमचे. इंटेलवाल्या मॅकसाठी ॲपल मूळ खरेदीचं बिल मागतं. एम१ आणि पुढच्या मॅकला फर्मवेअर पासवर्डच नाही. तिथे जुन्या मालकाचं ॲक्टिव्हेशन लॉक अडवतं, ते त्याला काढता येतं.

बिल का मागतात? कारण हे कुलूप चोरीसाठीच केलेलं आहे. विकणारा बिल देत नाही, नाव सांगत नाही, पासवर्डचा विषय टाळतो, तर माल कुठून आला हा प्रश्न तुम्हीच स्वतःला विचारायला हवा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.

म्हणून पैसे देण्याआधी दुकानातच पाच मिनिटं घालवा. मशीन बंद करून चालू करा. डेल, एसर, असूसला एफ२, एचपीला एफ१०, थिंकपॅडला एफ१. आत शिरता आलं म्हणून खूश होऊ नका, काही मशीन पासवर्डशिवाय नुसतं बघू देतात. बूटचा क्रम बदला, सेव्ह करा, परत आत जाऊन बदल टिकला का पाहा. इंटेल मॅकवर ऑप्शन बटण दाबून चालू करा. कुलूप दिसलं तर ठेवून या. मालातला ऐब सांगणं विकणाऱ्याचं काम आहे, पण तो सांगेलच या भरवशावर मुलीच्या फीतले पैसे मोजू नका.

साध्या कागदावर का होईना, मशीनचा सीरियल नंबर, तारीख, विकणाऱ्याचं नाव आणि सही घ्या. आणि स्वतःचा जुना लॅपटॉप विकताना हाच पासवर्ड आधी काढून टाका.