केसपेपर कोणाचा?

मुरुडच्या ग्रामीण रुग्णालयात गेले म्हणजे प्रथम खिडकीपाशी उभे राहून केसपेपर काढावा लागतो. ‘काढणे’ हा शब्द आपण असा वापरतो, की जणू आपलीच ठेव होती आणि ती आपण काढून घेतली. प्रत्यक्षात माणूस खाटेवर पडला, की त्याच्या देहाचे काय काय केले ह्याचा सारा लेखी हिशेब दवाखान्याच्या कपाटात जातो. त्याच्या हाती येतो तो घरी सोडल्याचा कागद आणि बिल. आता सरकार म्हणते, हा हिशेब तुम्ही तुमच्या मोबाइलवर पाहा. गोष्ट चांगली आहे. परंतु ती आकाशातून पडलेली नाही. तिच्यामागे मोठा झगडा आहे, आणि त्यात कामगारांचा वाटा थोडा नाही. तो इतिहास आज आपणांपुढे मांडावा असे आम्ही योजले आहे.

1923 साली आपल्या देशात कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. अपघातात हातपाय गेला तर भरपाई मिळू लागली. परंतु त्याच कायद्यात असेही होते, की मालकाने आपल्या खर्चाने डॉक्टर पाठविला तर कामगाराने तपासून घेतलेच पाहिजे. नकार दिला तर भरपाईचा हक्क थांबे. म्हणजे देह कामगाराचा, डॉक्टर मालकाचा. मग कागद कोणाचा?

ह्या प्रश्नाचे उत्तर आम्ही पुस्तकात वाचण्यापूर्वी अनुभवाने शिकलो. 1994च्या सुमारास आम्ही संघटनेच्या कामात नवे होतो. एका डाळमिलमधील कामगाराचा हात पट्ट्यात सापडला आणि तीन बोटे गेली. मालकाचे म्हणणे, हात आधीपासूनच अधू होता. दवाखान्यात कागद मागावयास गेलो, तर ‘ते आमचे रेकॉर्ड आहे, बाहेर देता येत नाही’ असे उत्तर मिळाले. बोटे नाहीत हे साऱ्या गावाला दिसत होते. ती केव्हा व कशाने गेली, हे मात्र कागदच सांगणार होता. शेवटी थोड्या पैशावर तडजोड करावी लागली. त्यात चूक आमचीही होती. पहिल्या दिवशी मागावयाचे कागद आम्ही महिन्याने मागितले.

त्याआधी दहा वर्षांपूर्वी, 2 डिसेंबर 1984च्या रात्री, भोपाळला युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. हजारो माणसे मेली आणि लाखोंच्या देहात विष गेले. त्यानंतर 1987 साली फॅक्टरी ॲक्टमध्ये दुरुस्ती झाली. घातक रसायनांत काम करणाऱ्या कामगाराच्या आरोग्याची नोंद ठेवावी आणि ती त्याला पाहावयास मिळावी, असे कलम त्यात आले. अमेरिकेत कामगारांना असा हक्क 1980 साली मिळाला होता. पुढे 1995 साली ॲस्बेस्टॉसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आज्ञा केली, की प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून 40 वर्षे, किंवा नोकरी सुटल्यावर 15 वर्षे, ह्यांतील जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपावी. एवढी वर्षे का? ॲस्बेस्टॉसची धूळ छातीत जाते तरुणपणी आणि रोग दिसतो म्हातारपणी. त्या वेळी कागद नसेल, तर रोग त्याचा आणि दोषही त्याचाच ठरतो.

सर्वसाधारण रुग्णाच्या हक्काचा निर्णय आपल्या महाराष्ट्रातच झाला. रघुनाथ रहेजा ह्यांनी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलविरुद्ध केलेल्या अर्जावर 1996 साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की रुग्णाच्या केसपेपरच्या बाबतीत डॉक्टरला किंवा रुग्णालयाला त्याच्यापासूनच गुप्तता पाळता येणार नाही. नकलेचा खर्च घ्यावा आणि नक्कल द्यावी. 2002 साली भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमांत हे स्पष्ट झाले. दाखल रुग्णाचे कागद 3 वर्षे ठेवावयाचे आणि मागितल्यावर 72 तासांच्या आत द्यावयाचे. आमच्या डाळमिलच्या गड्याला हा निर्णय दोन वर्षे उशिरा आला.

परंतु हक्क कायद्यात आला म्हणून तो घरात येत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायांची गोष्ट आपण विसरलो नसू. ऐन तरुण वयात त्यांच्या पिशव्या काढल्याच्या तक्रारी झाल्या, म्हणून 2019 साली राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत 82,309 बायांपैकी 13,861 जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. ह्यांतील कोणती शस्त्रक्रिया गरजेची होती आणि कोणती नव्हती, हे कशावरून ठरावयाचे? तपासणीच्या कागदावरून. आणि जी बाई दिवाळीनंतर उचल घेऊन कोयत्यावर जाते, पाचटाच्या खोपीत राहते, तिने तो कागद कोठे जपावा?

म्हणूनच मोबाइलवरच्या नोंदीचे मोल आमच्यासारख्या भागाला अधिक आहे. आमची माणसे पुण्यामुंबईला जातात, कारखान्याच्या फडात जातात. कागद पावसात भिजतो. एस्तोनियासारख्या छोट्या देशाने 2008 पासून साऱ्या देशाची आरोग्यनोंद संगणकावर आणली. आपल्याकडे 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने भोपाळच्या वायुपीडितांचे कागद संगणकावर घेऊन प्रत्येकाला आरोग्यपुस्तिका व कार्ड द्यावे असे सांगितले. 27 सप्टेंबर 2021 रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यात माणसाला ‘आभा’ हा 14 अंकी क्रमांक मिळतो. तो घेण्याची सक्ती नाही. नोंद त्या त्या रुग्णालयापाशीच राहते. आपण संमती दिली, तरच दुसऱ्या डॉक्टरला ती दिसते. दिलेली संमती काढूनही घेता येते.

येथे तीन गोष्टी सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. पहिली, जे लिहिलेच नाही ते मोबाइलवर दिसणार नाही. विहीर कोरडी असेल तर पोहरा कितीही चांगला असून काय उपयोग? दुसरी, ह्या कुलपाची किल्ली म्हणजे मोबाइलवर येणारा ओटीपी. तो मोबाइल मुकादमाचा असेल, तर किल्लीही मुकादमाच्या हाती गेली. नोकरी देणाऱ्याने संमती मागितली, तर गरजू माणूस ‘नाही’ कसे म्हणणार? 1923च्या मालकाचा डॉक्टर ह्या वाटेने पुन्हा घरात येऊ शकतो. तिसरी, नोंद इंग्रजीत. आपलाच हिशेब आपल्याला वाचता येत नसेल, तर तो आपला होऊनही परक्याचाच राहतो.

तेव्हा मोबाइल येईल तेव्हा येवो. मागण्याची सवय आजपासून लावली पाहिजे. दवाखान्यातून घरी निघताना बिलाआधी कागद मागावेत. अर्ज लेखी द्यावा आणि त्याच्या नकलेवर पोच घ्यावी. आभा क्रमांक काढलाच, तर तो स्वतःच्या किंवा घरच्या विश्वासू माणसाच्या फोनला जोडावा. आणि गावातल्या शिकलेल्या मुलामुलींनी शेजारच्या म्हातारीचा कागद तिला मराठीत वाचून दाखवावा. हे काम कोणत्याही संघटनेच्या कामाइतकेच मोठे आहे.

त्या डाळमिलच्या गड्याने आम्हांला एकदा विचारले होते, ‘बोटं माझी गेली, मग कागद त्यांचा कसा?’ त्या वेळी आमच्यापाशी उत्तर नव्हते. आज कायद्याने ते दिले आहे. आता ते खिडकीपाशी उभे राहून मोठ्याने सांगण्याचे काम तुमचे आमचे आहे.