रिकामी चौकट

स्वमग्न मुलांवरील वर्तनोपचारांचा इतिहास लिहू लागले की एका चष्म्यापासून आरंभ करावा लागतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका मनोरुग्णालयात साडेतीन वर्षांचा एक मुलगा होता. शास्त्रीय वाङ्मयात तो ‘डिकी’ या नावाने ओळखला जातो. मोतीबिंदूमुळे त्याच्या डोळ्यांतील भिंगे काढावी लागली होती. चष्मा लावला नाही तर सहा महिन्यांत दृष्टीची कायमची हानी होईल, असा नेत्रवैद्याचा इशारा होता. आणि मुलगा तर चष्मा डोळ्यांवर ठेवू देईना.

स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन लिओ कॅनरने १९४३ सालीच केले होते. पण उपायाच्या नावाने सारा अंधार होता. मनोविश्लेषणाच्या त्या भरभराटीच्या काळात आईच्या मायेतील कोरडेपणाच याचे मूळ मानला जाई. दुखणे मुलाला आणि आळ आईवर, असा तो न्याय!

वुल्फ, रिस्ली व मीस या तिघांनी कारणाचा शोध बाजूस ठेवला. त्यांनी खोलीत काचा नसलेल्या रिकाम्या चौकटी ठेवल्या. मुलाने चौकट उचलली की खाऊचा तुकडा. हातात धरून फिरला की तुकडा. डोळ्यांजवळ नेली की पुन्हा तुकडा. चष्मा फेकला तर काही मिनिटे त्याला एकट्याला खोलीत ठेवीत. प्रत्येक गोष्टीची नोंद होई. दप्तरात आयुष्य काढलेल्या वाचकांना त्या रकान्यांचे कौतुक वाटावे. अखेर तो दिवसाचे बारा तास चष्मा लावू लागला. हा वृत्तांत १९६४ साली प्रसिद्ध झाला.

पुढे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात ईवार लोवासने हीच पद्धत विस्ताराने चालविली. मात्र त्याच्या प्रयोगांत खाऊबरोबर चपराक आणि विजेचा धक्काही आला. १९६५ साली ‘लाइफ’ साप्ताहिकाने त्याची छायाचित्रे छापली. त्याच्या १९८७ च्या निबंधानुसार, आठवड्याला चाळीस तास शिकविलेल्या १९ मुलांपैकी ९ जण सामान्य मुलांच्या वर्गात इतरांसारखी प्रगती करू लागले. मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नसल्याने त्या आकड्यावर आक्षेप आले. तथापि हताश आईबापांना तो आकडा पुरेसा होता.

येथे हेतूच पालटला, असे मला वाटते. डिकीला दिसावे म्हणून चष्मा शिकविला. आता मूल इतरांसारखे दिसावे म्हणून त्याचे हात हलविणेही दोष ठरले. कॅनडातील मिशेल डॉसन या स्वयमेव स्वमग्न असलेल्या संशोधक बाईंनी २००४ साली या उपचारांच्या नीतीवरच प्रश्न उभा केला. तोवर बहुतेक ठिकाणी शिक्षा मागे पडून खेळातून शिकविणे रूढ होऊ लागले होते. विजेचा धक्का मात्र मॅसॅच्युसेट्समधील एका संस्थेत टिकून राहिला. अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने २०२० साली अशा यंत्रांवर बंदी घातली. २०२१ साली न्यायालयाने ती रद्द केली.