दमा : कारण कशाला म्हणायचं?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात दम्यावर बोलायला उभं राहिलं की व्याख्यान रंगायच्या आधीच एक प्रश्न येतो : ‘हा दमा इथल्या हवेमुळेच ना?’ आज आपण त्याच प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. आम्ही वैद्यकातले नाही, तत्त्वज्ञान शिकवण्यात आमचा जन्म गेला. पण अमुक हे तमुकाचं कारण आहे असं केव्हा म्हणता येतं, हा मुळात आमच्याच शास्त्राचा प्रश्न आहे.

सुरुवात चरकापासून करू. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार दिले आहेत. त्यातला ‘तमक’ आपल्या दम्याच्या सर्वांत जवळचा. आडवं झालं की त्रास वाढतो, उठून बसलं की बरं वाटतं, हे चरकाने टिपलं आहे. हेतूंच्या यादीत धूळ, धूर, वारा, थंड जागा हे सारं आहे. आणि जुना तमक ‘याप्य’ आहे, म्हणजे आटोक्यात ठेवता येतो, मुळापासून जात नाही, असंही सांगितलं आहे. निरीक्षण म्हणून हे आजही खरं वाटतं. पण निरीक्षण म्हणजे कारणाची सिद्धता नव्हे.

सिद्धतेसाठी आपल्या न्यायशास्त्राने दोन अटी सांगितल्या. कारण असलं की कार्य असतं, हा अन्वय. कारण नसलं की कार्य नसतं, हा व्यतिरेक. शिवाय एक इशाराही दिला : कुंभाराचं गाढव माती वाहून आणतं, घडा घडतो तेव्हा जवळच उभंही असतं, पण म्हणून ते घड्याचं कारण होत नाही. दम्याच्या संशोधनाचा इतिहास म्हणजे हे गाढव ओळखायला शिकण्याचा इतिहास आहे, असं आम्हांला वाटतं.

औषधाचंच उदाहरण घ्या. दम्याचा स्वभाव असा की तो आपोआप वाढतो आणि आपोआप उतरतो. त्यामुळे उतरणीच्या दिवसांत जे काही घेतलं, ते गुणकारी ठरतं. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेत डॉ. शिवपुरी यांनी १९६० च्या दशकात दमवेलीच्या पानांवर काम केलं. ११० रुग्णांना सहा दिवस रोज एक पान चावून खायला दिलं, कधी दमवेलीचं, कधी पालकाचं. कोणतं पान कोणाला मिळालं हे उघड केलं नव्हतं. आठवड्याअखेर दमवेलीने शंभरात ६२ जणांना आराम पडला. आणि पालकाने? २८ जणांना! हे २८ जण खोटं बोलत नव्हते, त्यांना खरोखर बरं वाटलं होतं. पण पालकाच्या पानाचा हा पडताळा नसता, तर ६२ या आकड्याला काही अर्थच उरला नसता. पुढे १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत दमवेलीचा फरक दिसलाच नाही. एका व्यतिरेकाने भागत नाही, तो पुन्हा पुन्हा पाहावा लागतो.

दुसरा धडा उपचारांचा. १९६९ साली साल्ब्युटामॉल आलं. आवळलेली श्वासनलिका ते काही मिनिटांत मोकळी करतं. १९७२ साली बेक्लोमेथासोन हे हुंगायचं स्टेरॉइड आलं. ते नलिकेच्या आतली सूज कमी करतं, पण त्याला दिवस लागतात. लगेच आराम देतो तो पंप आपल्याला प्रिय, रोज घ्यायचा तो मात्र ‘सवय लागेल’ म्हणून कपाटात. आराम आणि इलाज यांत गल्लत होते ती इथे.

आता हवेकडे वळू. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या डॉ. कामत आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात हवेतल्या सल्फर डायऑक्साइडच्या प्रमाणावरून शहराचे भाग निवडले : जास्त, मध्यम आणि कमी. जोडीला एक ग्रामीण वस्ती घेतली. घरोघरच्या चार हजारांवर माणसांची तपासणी केली. प्रदूषित भागात धाप आणि खोकला यांचं प्रमाण जास्त आढळलं. ग्रामीण वस्ती कशासाठी, तर व्यतिरेकासाठी.

दूरचं एक उदाहरण याहून बोलकं आहे. स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात काही ठरावीक दिवशी दम्याचे रुग्ण अचानक रुग्णालयांत लोटायचे. संशय आधी शहरातल्या धुरावर गेला. हे कुंभाराचं गाढव होतं! संशोधकांनी रुग्णालयाच्या नोंदी आणि बंदराच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तेव्हा दिसलं की बंदरात सोयाबीन उतरतं त्याच दिवशी हे घडतं. एका कोठाराला धूळ अडवणारी गाळणी नव्हती. गाळणी बसवली आणि साथ थांबली. व्यतिरेक पूर्ण झाला, तोही तारीखवार नोंदवह्यांमुळे.

आता आपल्या दारात येऊ. अंबरनाथला १९२० च्या दशकात आगपेट्यांचा कारखाना आला. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात निर्वासित सिंधी कुटुंबं आली, १९४९ मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. मग रेयॉन, रंग, रसायनं आली, वस्ती कारखान्यांना चिकटली. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस वालधुनीत रसायन सोडलं गेलं आणि शेकडो लोकांना धाप-मळमळीने रुग्णालयात न्यावं लागलं. जून २०२१ मध्ये बदलापुरात वायुगळती झाली. दोन दिवसांत वास गेला, बातमीही गेली. पण १९८५ साली अमेरिकेत स्टुअर्ट ब्रुक्स यांनी दाखवून दिलं की दाहक वायूच्या एकाच मोठ्या माऱ्यानंतर, आधी दमा नसलेल्या माणसालाही दम्यासारखा विकार जडू शकतो आणि तो पुढे टिकू शकतो. म्हणून त्या रात्रीच्या रुग्णांना वर्षभराने पुन्हा तपासणं ही वैद्यकाची गरजच आहे.

आणि वास हा भरवशाचा साक्षीदार नाही, बरं का! उल्हासनगरच्या फर्निचर बाजाराला लागणाऱ्या पीयू पॉलिशमध्ये, गाद्यांच्या फोमच्या कच्च्या मालात आयसोसायनेट असतात. एकदा शरीर त्यांना चेतलं की वास येणार नाही इतक्या अल्प मात्रेनेही दमा उसळतो. पॉलिशवाल्याला रविवारी बरं वाटतं, सोमवारी संध्याकाळी धाप लागते. हा एका माणसाच्या आठवड्यातला अन्वय-व्यतिरेक! फुंकून पाहायचं साधं पीक फ्लो मीटर आणि वही घेऊन कामाच्या आणि सुट्टीच्या दिवशी आकडे लिहिले, की डॉक्टरांना तो कागदावर दिसतो. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक दमा नोंदलेला होता. म्हणजे कायद्याला हे कारण मान्य आहे, आपल्याकडे कमी पडतो तो पुरावा. पुरावा नसेल तर ‘वयोमानाने होतं’ एवढ्यावर माणसाची बोळवण होते.

तेव्हा ‘हा दमा इथल्या हवेमुळेच ना?’ याला सरसकट ‘हो’ म्हणणं सोपं आहे, ‘नाही’ म्हणणं काहींच्या सोयीचं आहे. आम्ही उलट विचारू : धाप कुठल्या तारखेला लागली, वारा कुठून होता, त्या दिवशी काम काय केलं, आणि हे कुणी लिहून ठेवलं का? बार्सिलोनाला उत्तर मिळालं ते याच प्रश्नांतून. इथेच थांबू.